मुंगीचं तिसरं पाणी

भाऊ : मी असं म्हणालोच नव्हतो, ताई.

आत्या : म्हणाला होतास. गेल्या रविवारी, याच खुर्चीत बसून. "पुढच्या रविवारी येतो आणि तुझं हे डुगडुगणारं टेबल असं करून देतो की काठोकाठ भरलेला पेला ठेवलास तरी थेंब सांडणार नाही."

भाऊ : चेष्टेत म्हणालो असेन.

आत्या : चेष्टेत होतं का, ते मला माहीत नाही. म्हणालास, एवढं माहीत आहे.

भाऊ : बघितलंस ना, राणीसरकार? बहीण कोर्टात स्टेनो असली की हे असं होतं. जगातले सगळे भाऊ बोललेलं खुशाल विसरतात. मला एकट्याला ती सोय नाही.

आत्या : आयुष्यभर साक्षीदार आणि वकील बोलले ते शब्दन् शब्द उतरवत आले, बाळ्या. घरी आले म्हणून कान काढून खुंटीला टांगता येत नाहीत. पेचकस त्या खणात आहे. आणि तुझ्या राणीसरकारांना काय झालंय? आल्यापासून माझ्या स्टेनोच्या मशीनसमोर बसली आहे आणि एका बटणाला हात लावलेला नाही. एरवी मला उठवून बसते.

भाऊ : कालपासून तोंड असंच आहे. काय झालं विचारलं की "काही नाही". इतकं काही नाही की दोन वेळा अर्ध्या ताटावरून उठली.

भाची : मी मोठी झाल्यावर स्टेनो होणार नाही.

आत्या : बरं.

भाची : का ते विचार ना.

आत्या : विचारायचं काम वकिलांचं. मी फक्त ऐकते. सांगायचं असेल तर सांग, घाई नाही. जरा सरक मात्र. मला मशीनपाशी बसू दे. हात चालत नसले की मला नीट ऐकू येत नाही.

भाची : आमचं वर्गातलं कोर्ट तुला माहीत आहे ना? बाईंनी सुरू केलंय ते. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला. कोणाचं भांडण झालं, काही मोडलं, हरवलं, की तिथे आणायचं. मारामारी नाही, चुगली नाही. कोणी न्यायाधीश होतं, कोणी वकील. मी स्टेनो. मी हात वर करून मागून घेतलं होतं, माझी आत्या खऱ्या कोर्टात आहे म्हणून.

आत्या : हे मला ठाऊक आहे. मी त्या दिवशी आरशात बघून जरा ऐट केली होती.

भाची : तर आमच्या वर्गात एक कासव आहे. पोस्टमन.

भाऊ : कासवाचं नाव पोस्टमन. ज्याने ठेवलं त्याला माझ्याकडून चहा.

भाची : बाबा, मध्ये बोलू नका ना. पोस्टमन एका मोठ्या लाकडी पेटीत राहतो. वर जाळीचं झाकण. पण तो आतल्या विटेवर चढून डोक्याने झाकण ढकलतो, म्हणून झाकणावर दगड ठेवायचा असतो. त्याची वाटी धुवायची, पाणी बदलायचं, पानं द्यायची, हे सगळं मुंगी करते. दुसऱ्या कोणाच्या हातून तो खातच नाही. पान समोर धरलं तरी असा बघतो, जसं काही आपण पत्ता चुकलोय.

आत्या : मुंगी म्हणजे तुझ्या बाकावरची. मागे एकदा तुझ्याबरोबर आली होती, सगळ्यांना नमस्कार करून कोपऱ्यात बसली ती.

भाची : हो. ती कमी बोलते. बोलली की अडखळते, मग परत पहिल्यापासून सुरू करते. घाबरली तर फारच. तर मंगळवारी पोस्टमन पेटीतून गेला.

भाऊ : गेला कुठे?

भाची : मोठ्या बाईंच्या खोलीत. त्यांच्या टेबलाखाली. त्यांना वाटलं, शिपायाने पाय टेकायला काहीतरी आणून ठेवलंय. त्यांनी पाय टेकले आणि चहा प्यायला लागल्या. मग ते चालायला लागलं.

भाऊ : अरेरे. चहा सांडला का?

भाची : समोर बसलेल्या पाहुण्यांच्या अंगावर. म्हणून ते प्रकरण मोठं झालं. नाहीतर कासव काय, रोजच कुठेतरी निघालेलं असतं. शुक्रवारी कोर्टात मुंगीला उभं केलं. झाकण उघडं ठेवल्याचा आरोप. तिच्याकडून दोष झाला असं ठरलं, तर पोस्टमनचं काम वर्षभर दुसऱ्या कोणाला देणार. प्रकरण मोठं म्हणून शुक्रवारपर्यंत थांबणार नाहीत, उद्याच निकाल आहे.

आत्या : आणि ती काय म्हणाली?

भाची : तेच तर. मी तिची साक्ष लिहिली, घरी येऊन चांगल्या अक्षरात उतरवली आणि शनिवारी सकाळी शाळेत नेऊन भिंतीवर लावली. आमच्याकडे तसंच करतात, म्हणजे सगळ्यांना वाचता येतं. आणि वाचून सगळे म्हणाले, मुंगीने तर कबूलच केलंय. मग मुंगी आली. तिने वाचलं. दोनदा वाचलं. माझ्याकडे बघितलं, दप्तर उचललं आणि पार शेवटच्या बाकावर जाऊन बसली. एक शब्द बोलली नाही, आत्या. नेहमी कमी बोलते, पण हे कमी नव्हतं. हे वेगळंच होतं.

भाऊ : हे बघ, मुलांचं भांडण आहे, म्हणजे, आपण लहान असताना आपण पण, तुला आठवतं ना, ते छत्रीवरून, नाही, छत्री नव्हती, सायकल, तर मुद्दा असा की, मुद्दा काय होता माझा, हां, दोन दिवस जाऊ दे, मग आपोआप ते, हे होतं, काय म्हणतात, मिटतं.

आत्या : निकाल उद्या आहे, बाळ्या. दोन दिवस कुठून आणायचे? तू भिंतीवर काय लावलंस, ते सांग मला.

भाची : पाठ आहे. "पाणी बदलताना मी झाकण उघडलं. नंतर ते लावलं, असं मला वाटतं."

आत्या : छान वाक्य आहे.

भाची : हो ना? बाईपण म्हणाल्या, किती सुबक लिहिलंयस.

आत्या : म्हणूनच मला शंका येते. भेदरलेलं माणूस सुबक बोलत नाही. मुंगी असं बोलली?

भाची : जवळजवळ.

आत्या : जवळजवळ म्हणजे?

भाची : म्हणजे असंच, पण... ती अडखळत होती ना. "पाणी, पाणी" झालं की मागून कोणीतरी "पा-पा-पाणी" करत होतं आणि सगळे फिदीफिदी हसत होते. तिचे कान लाल झाले होते. मला ते कागदावर नको होतं. भिंतीवर लागणार, सगळे परत वाचणार, परत हसणार. मला वाटलं, कागदावर तरी तिला नीट बोलू दे.

आत्या : हं.

भाची : तू रागावलीस?

आत्या : नाही. मैत्रिणीचा फाटका सदरा कोणी बघू नये म्हणून तू तिला तुझा घातलास. यात रागावण्यासारखं काय? फक्त आता लोक तिला बघून म्हणतायत, ही ती नव्हेच.

भाची : मी तिच्या भल्यासाठीच केलं ना पण.

आत्या : आमच्या धंद्यात हीच एक चूक अशी आहे, जी चांगलीच माणसं करतात. आळशी माणूस शब्द गाळतो, ते लगेच पकडलं जातं. मायाळू माणूस शब्द नीटनेटके करतो, ते कोणाला दिसतच नाही. बरं, आता असं कर. डोळे मीट.

भाची : कशाला?

आत्या : ती काय म्हणाली त्याचा अर्थ विसरून जा. नुसता आवाज आठव. आधी काय ऐकू आलं?

भाची : हसणं.

आत्या : हसणं बाजूला ठेव. मुंगीचा आवाज.

भाची : "झाकण मी"... मग थांबली. मग "पाणी, पाणी बदलताना, उघडलं, हो, उघडावंच लागतं ना." मग वकील झालेला मुलगा म्हणाला, मग पुढे काय. ती म्हणाली, "मग लावलं. लावलं मी."

आत्या : दोनदा?

भाची : दोनदा. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. मग... "मला वाटतं."

आत्या : आणि तिथे गप्प बसली?

भाची : नाही. "मला वाटतं तो, तो दगड..." मग परत सगळे हसले आणि न्यायाधीश म्हणाला, बस खाली. ते अर्धवटच राहिलं. त्याला काही अर्थच नव्हता ना, म्हणून मी दगड सोडून दिला. "मला वाटतं" मात्र ठेवलं. मागच्या वाक्याला जोडलं.

भाऊ : थांब. थांब, थांब. म्हणजे ती म्हणाली, "लावलं मी," ठणठणीत. आणि वाटत होतं ते दगडाबद्दल. आणि तू ते "वाटतं" उचलून झाकणाला डकवलंस?

भाची : ...हो.

भाऊ : अगं मग दगड कुठे गेला? कासवाने तर दगड उचलला नसेल? म्हणजे कोणीतरी उचलला. कोणी? त्या दिवशी वर्गात शेवटी कोण होतं? खेळाच्या तासाला कोण आत राहिलं होतं? मला तर त्या "पा-पा-पाणी"वाल्याचाच संशय येतो. चोराच्या मनात चांदणं. ताई, कागद दे, आपण नावं काढू.

आत्या : तू टेबलाचा पाय काढ.

भाऊ : अगं, पण प्रकरण उकलतंय.

आत्या : उकलणारे उकलतील. दगड कोणी उचलला, हे शोधणं तिचं काम नाही आणि माझंही नाही. मला कितीदा माहीत असतं की वकिलाने एक प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारला नाही, आणि साक्षीदार ओठांवर उत्तर घेऊन घरी निघालाय. मी तोंड मिटून बसते. भर कोर्टात मला बोलायची परवानगी दोनच गोष्टींसाठी. "जरा हळू बोला," आणि "एका वेळी एकानेच बोला."

भाऊ : आमच्या घरी जेवतानाही तेवढंच बोलतेस.

आत्या : कारण तुमच्या घरी जेवताना चौघं एकदम बोलता. तर बाळ, तुझं काम एवढंच. दगड हा शब्द त्या खोलीत बोलला गेला होता. तो तू खिशात घालून घरी आणलास. तो परत जागेवर ठेवायचा.

भाची : म्हणजे उद्या सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, माझी नोंद चुकली.

आत्या : तसं करता येईल.

भाची : स्टेनोचं काम काढून घेतील माझ्याकडून. आमचा न्यायाधीश फार कडक आहे. स्वतःच्या सख्ख्या बहिणीला त्याने फळा पुसायची शिक्षा दिली होती.

आत्या : काढूनही घेतील.

भाची : तू "नाही घेणार" असं म्हण ना.

आत्या : मला माहीत नाही ते मी कसं म्हणू?

भाची : आणि ते जाऊ दे. निकालाच्या आधी नोंद मोठ्याने वाचून दाखवायची असते. मी खरंखुरं वाचलं, "पाणी, पाणी, तो, तो", तर ते परत तिला हसणार. एकदा हसले ते हसले. आता मीच हसवणार. तिच्यासाठी वाईट कुठलं, आत्या? कासव गेलेलं, की परत हसलेलं?

भाऊ : राणीसरकार, इकडे या. या अशा. ताई, हिला रडवू नकोस.

आत्या : मी रडवत नाहीये. तिने खरा प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर शोधतेय. माझ्या मशीनवरची ही कागदाची पट्टी बघ. मघाशी हात चालू होते ना, ते यात उतरलंय. तुझ्या बाबांची साक्ष वाचते. ऐक. "हे बघ, मुलांचं भांडण आहे, म्हणजे, आपण लहान असताना आपण पण, तुला आठवतं ना, ते छत्रीवरून, नाही, छत्री नव्हती, सायकल, तर मुद्दा असा की, मुद्दा काय होता माझा, हां, दोन दिवस जाऊ दे, मग आपोआप ते, हे होतं, काय म्हणतात, मिटतं."

भाऊ : मी असं बोललो?

आत्या : शब्दशः.

भाऊ : छे. मी तर चांगलं मुद्देसूद बोललो होतो.

आत्या : तुला तसं वाटलं. आम्हालाही तसंच ऐकू आलं, कारण आपण ऐकताना मनातल्या मनात सगळ्यांना दुरुस्त करत असतो. बाळ, कोर्टातले मोठमोठे वकील, डॉक्टर, खुद्द न्यायाधीश, सगळ्यांचं बोलणं उतरवलं की असंच निघतं. माझ्या हाताखालून एकही माणूस न अडखळता गेलेला नाही. मुंगीचं अडखळणं ऐकू येतं, बाकीच्यांचं येत नाही, एवढाच काय तो फरक.

भाची : बाबांचं तर मुंगीपेक्षा वाईट आहे.

भाऊ : घरचा भेदी.

आत्या : आता सांग, मी वाचताना तू हसलीस?

भाची : नाही. बाबांचा चेहरा बघून नंतर आलं हसू.

आत्या : का नाही हसलीस?

भाची : तू... तू तसं वाचलंच नाहीस. तू नुसतं वाचलंस. बाबांसारखे हात नाही केले, आवाज नाही काढला.

आत्या : एकदा एका वकिलांनी मला सांगितलं, साक्षीदाराचं मागचं उत्तर वाचून दाखवा. मागच्या उत्तरात साक्षीदाराने त्या वकिलांनाच गाढव म्हटलं होतं.

भाची : मग?

आत्या : मग वाचलं. किराणा मालाची यादी वाचावी तसं. साखर, तांदूळ, गाढव, साबण. कोर्टात चिटपाखरू हसलं नाही. हसू शब्दात नसतं, बाळ, वाचणाऱ्याच्या आवाजात असतं. तू जरा जरी कीव आणलीस किंवा लाज आणलीस, तर ते हसतील. "पाणी" दोनदा आहे ना, दोनदा वाचायचं. पुढे जायचं. कर बघू.

भाची : "झाकण मी, पाणी, पाणी..."

आत्या : दुसऱ्या पाण्याला घाई केलीस.

भाची : "पाणी, पाणी बदलताना..."

आत्या : आता माझ्याकडे बघून डोळ्यांनी माफी मागितलीस. कशाबद्दल?

भाऊ : मी वाचू? मला जमेल.

आत्या : तुला जन्मात जमणार नाही. तू आईची औषधाची चिठ्ठी वाचतानासुद्धा नाटक करायचास. परत, बाळ.

भाची : "झाकण मी, पाणी, पाणी बदलताना, उघडलं, हो, उघडावंच लागतं ना. मग लावलं. लावलं मी. मला वाटतं तो, तो दगड"

आत्या : बरोबर. आणि जिथे ती थांबली तिथे तूही थांब. वाक्य पुरं करायचा मोह झाला तर जीभ चाव. आणखी एक. हे वाचायच्या आधी मुंगीला दाखव.

भाची : ती माझ्याशी बोलत नाहीये.

आत्या : दाखवायला बोलावं लागत नाही. खऱ्या कोर्टात साक्षीदाराला त्याची जबानी आधी वाचायला देतात. त्याला पटली तरच पुढे. शब्द तिचे आहेत. ती "नको" म्हणाली, तर?

भाची : तर वाचायचं नाही?

आत्या : तर बाईंना सांगायचं की आधीची नोंद खरी नव्हती, आणि तिथे थांबायचं. बाकीचं मुंगी ठरवेल.

भाऊ : ताई, हे मुलांचं कोर्ट आहे गं. कासवाचा खटला.

आत्या : कासवाला आणि मुंगीला ते सांगून बघ.

(दुसऱ्या दिवशी, संध्याकाळ. तीच खोली. टेबल अजून डुगडुगतंय.)

भाऊ : चप्पलसुद्धा नीट काढली नाही तिने. घरी नको, आधी आत्याकडे. मला म्हणते, एकदाच सांगणार, दोघांना एकदम.

आत्या : बस. पाणी पी. मग सांग.

भाची : पहिल्यापासून सांगू?

आत्या : तुला आठवेल तसं.

भाची : सकाळी मी कागद मुंगीच्या बाकावर ठेवला. काही बोलले नाही. उभी राहिले नुसती. तिने तो वाचायला इतका वेळ लावला की मला वाटलं, ही आता फाडते. मग तिने पेन्सिल मागितली. म्हणजे बोट दाखवलं पेन्सिलीकडे. मी दिली.

भाऊ : खोडलं तिने?

भाची : नाही. मी "पाणी" दोनदा लिहिलं होतं ना? तिने मध्ये खूण करून वर तिसरं लिहिलं.

आत्या : तिसरं पाणी?

भाची : हो. ती तीनदा म्हणाली होती. माझ्याकडून एक सुटलं होतं. तिने ते लिहिलं, पेन्सिल परत दिली आणि पुस्तकात बघायला लागली.

आत्या : शाबास त्या मुलीची. असा साक्षीदार मला उभ्या नोकरीत मिळाला नाही.

भाऊ : आणि मग कोर्ट?

भाची : मी उभी राहिले आणि म्हणाले, भिंतीवरची नोंद चुकीची आहे, ती माझी भाषा आहे, मुंगीची नाही. न्यायाधीश म्हणाला, असं कसं, स्टेनोने बदललं कशाला. मी म्हणाले, मला वाटलं चांगलं दिसेल. तो म्हणाला, दिसायला नको, असायला हवं. मोठा शहाणा. मग म्हणाला, वाच.

आत्या : मग?

भाची : वाचलं. पहिल्या पाण्याला मागून कोणीतरी फुसकन हसलं. दुसऱ्याला तोच एकटा. तिसऱ्याला त्याच्या शेजारच्याने त्याला कोपर मारलं. मी यादी वाचत होते, आत्या. साखर, तांदूळ. मग दगडापाशी आले आणि थांबले. जीभ चावून.

भाऊ : आणि?

भाची : मग न्यायाधीश म्हणाला, दगड? कुठला दगड? मुंगीची वकील झालेली मुलगी म्हणाली, पेटीवरचा, अजून कुठला. मग सगळे पेटीकडे बघायला लागले. पेटीवर मंगळवारनंतर ठेवलेली जाड पुस्तकं होती, दगड नव्हता. आणि मग एकेक करून सगळे दाराकडे बघायला लागले.

भाऊ : दाराकडे का?

भाची : दगड दाराला लावलेला होता. दार आपटू नये म्हणून. मंगळवारपासून तिथेच. आम्ही सगळे रोज तो ओलांडून वर्गात येत होतो, बाबा. शुक्रवारी खटला चालू होता तेव्हापण.

भाऊ : काखेत कळसा! कोणी लावला? तोच ना, पा-पा-पाणी?

भाची : बाईंनी.

भाऊ : बाईंनी?

भाची : बाई एकदम खुर्चीवरून उठल्या. त्यांना आत्ताच आठवलं होतं, चेहऱ्यावर दिसलं. न्यायाधीश घाबरला. त्याने कधी बाईंना साक्षीला बोलावलं नव्हतं. पण बाई स्वतःच पिंजऱ्यात, म्हणजे आमच्या दोन खुर्च्यांच्या मध्ये, जाऊन उभ्या राहिल्या. मी अजून स्टेनोच होते, म्हणून मी लिहिलं. सगळं लिहिलं. वाचू?

आत्या : वाच.

भाची : "मंगळवारी, म्हणजे सोमवार, नाही, मंगळवारीच, ते दार, वारा किती होता, आठवतंय ना, माझे कागद, तपासलेले, सगळे उडत, तर मी म्हटलं आत्तापुरता, आणि मग मी, मी ते, विसरलेच की गं."

भाऊ : कोणी हसलं?

भाची : सगळ्यात आधी मुंगी. इतक्या मोठ्याने, की मग बाईपण हसल्या. मग सगळ्यांना परवानगीच मिळाली.

आत्या : आणि निकाल?

भाची : मुंगी निर्दोष. बाईंना आठवडाभर पोस्टमनची वाटी धुवायची शिक्षा, मुंगीच्या देखरेखीखाली. बाईंनी मोठ्या बाईंना जाऊन खरं सांगायचं, ते वेगळं. ते सांगायला त्या जरा घाबरल्यासारख्या वाटल्या. आणि मला स्टेनोवरून काढलं.

भाऊ : काढलं? खरं सांगूनसुद्धा? हा काय न्याय झाला? मी उद्या येतो शाळेत, त्या न्यायाधीशाशी बोलतो.

भाची : नको. सुट्टीपर्यंतच काढलंय. तोवर मी साक्षीदारांची नावं पुकारायची. माझा आवाज मोठा आहे म्हणून.

आत्या : वाईट वाटलं?

भाची : वाटलं. माझी ती जागा होती ना, खिडकीजवळची, सगळं ऐकू येणारी. पण मी ते कागदावर बदललं होतं, आणि ते तर खरंच आहे.

आत्या : हं. तो न्यायाधीश कडक आहे, पण आंधळा नाही.

भाऊ : आणि मुंगी? बोलली की नाही तुझ्याशी?

भाची : शाळा सुटल्यावर फाटकापाशी आली.

भाऊ : काय म्हणाली?

भाची : म्हणाली, "उद्या, तू, डबा खाताना, म्हणजे, पोस्टमनची पानं, पानं मी, तू येशील, इकडे, माझ्या, बाकावर."

भाऊ : म्हणजे परत शेजारी बसायला बोलावलं तिने.

भाची : ती काय म्हणाली ते मी सांगितलं, बाबा.

आत्या : मग तू काय उत्तर दिलंस?

भाची : नुसती मान हलवली.

आत्या : मान हलवलेली आम्हाला लिहिता येत नाही, बाळ. कोर्टात तोंडाने बोलावं लागतं.

भाची : ती बघत होती, आत्या.